मधल्या एकशे दहा मिनिटांची नोंद



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, वकीलही नाही. तरी आज अपघात आणि कायदा या विषयावर बोलायला उभा आहे, त्याचं कारण घरातलं आहे.

2015 च्या पावसाळ्यात माझ्या फुफीचा मुलगा पुणे-सोलापूर रस्त्यावर दुचाकीवरून पडला. एका रिक्षावाल्याने त्याला उचललं. पहिल्या रुग्णालयाने आधी डिपॉझिट मागितलं. दुसऱ्यात सीटी स्कॅन नव्हतं. तिसऱ्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रिक्षावाला नाव न सांगता निघून गेला. चौकशीत अडकायची भीती वाटली असणार.

नंतर मी कागद चाळले. एफआयआरमध्ये अपघाताची वेळ होती. तिसऱ्या रुग्णालयाच्या कागदावर तिथे पोचल्याची वेळ होती. मधली एकशे दहा मिनिटं कुठेच नव्हती. पहिल्या दोन रुग्णालयांत तो गेला होता याचीही नोंद नव्हती. आमच्या कामात सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला, तर कोणत्या सेकंदाला काय झालं ते लॉगमध्ये सापडतं. माणसाच्या बाबतीत मात्र काहीच सापडलं नाही.

तेव्हा कायदा नव्हता का? होता. 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. 2020 च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय, की मदत करणाऱ्याशी धर्म, जात, राष्ट्रीयत्व किंवा लिंग यावरून भेदभाव करायचा नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करायची नाही. आपल्यातले अनेक जण ‘आपलं नाव ऐकून उलट आपल्यालाच पकडतील’ म्हणून थांबतात. त्यांनी हा नियम मोबाइलमध्ये ठेवावा. 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजनाही आहे.

पण आरोग्य हा राज्यांचा विषय. गुजरातने 2007 मध्ये तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी वेगळा कायदा केला. राजस्थानने 2023 च्या आरोग्य हक्क कायद्यात आगाऊ पैसे न घेता तातडीचे उपचार देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची सेवा आहे, सुरुवात 937 रुग्णवाहिकांनी झाली. हे सगळं हवंच. पण हक्क मोडला गेला हे सिद्ध कशाने करणार? नोंदीने.

नोंदी ठेवल्याने काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन भागांतल्या अपघाती मृत्यूंची तुलना प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्कोत जखमींना एकाच ट्रॉमा केंद्रात नेत, ऑरेंज काउंटीत जवळच्या कुठल्याही रुग्णालयात. ऑरेंज काउंटीत मेंदूच्या इजेशिवाय झालेले सुमारे दोन तृतीयांश मृत्यू टाळता येण्यासारखे होते, असं तपासणाऱ्यांना दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोत असा एकच मृत्यू निघाला. ‘नशीब’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट व्यवस्थेचा दोष ठरली, आणि पुढे ऑरेंज काउंटीने आपली ट्रॉमा व्यवस्था उभारली.

आपल्याकडे ई-डार नावाची प्रणाली आहे. पोलीस, आरटीओ, रस्ते विभाग आणि रुग्णालयं तिच्यात अपघाताची माहिती भरतात. माझी मागणी साधी आहे. राज्याच्या कायद्याने प्रत्येक रुग्णालयाला बांधून घ्यावं: जखमी दारात किती वाजता आला, कोणी तपासला, पुढे पाठवला तर कधी आणि का. 108 ला फोन आल्याची वेळही त्याच नोंदीला जोडावी.

आकडेवारी जाहीर करताना जखमीचं नाव, धर्म काहीही नको. माहिती गोळा होते म्हटलं की आपल्याला धास्ती वाटते, आणि ती उगाच नाही. म्हणून हेही कायद्यातच लिहिलेलं हवं.

मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, हे आपण मिळवलं. आता रुग्णालयाला वेळ लिहायची सक्ती मिळवायची आहे.

तोपर्यंत एक करा. जखमीला घेऊन गेलात, तर दारात पोचल्याची वेळ मोबाइलमध्ये टिपा आणि नातेवाइकांना द्या. नाव देऊ नका हवं तर. फुफी आजही विचारते, ‘पहिल्या ठिकाणी किती वेळ गेला रे?’ माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या कुणाच्या आईला तरी ते मिळावं.