जुन्या गाडीला नवी मोटर

गाडीची बॉडी ठणठणीत, पण इंजिन थकलंय. अशा पेट्रोल गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवता येते का? हो, येते. याला ‘रेट्रोफिटिंग’ म्हणतात.

यात इंजिन, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी काढून मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि चार्जर बसवतात. हे कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काम नव्हे. किटला एआयएस-१२३ मानकानुसार मान्यता लागते. वाहनांची अशी तपासणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. शिवाय आरटीओत जाऊन आरसीवरची इंधनाची नोंदही बदलून घ्यावी लागते.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, तेव्हा या पर्यायाची बरीच चर्चा झाली. तरीही प्रसार संथच राहिला. कारण हिशेबात आहे. सगळ्यात महाग भाग बॅटरीचा, आणि किटचा खर्च अनेकदा जुन्या गाडीच्या किमतीहून जास्त! वर बॅटरीचं वजन सस्पेन्शन आणि ब्रेकला पेलायला हवं. सोसायटीत चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर मिळवणं ही अडचण तर नव्या इलेक्ट्रिक गाडीलाही चुकत नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी चार गोष्टी विचारा : किटला तुमच्या मॉडेलसाठी मान्यता आहे का, बॅटरीची वॉरंटी किती, विमा कंपनी तयार आहे का आणि रोजचं तुमचं अंतर किती? रोजचा प्रवास ठरलेला आणि जवळचा असेल, तर हा सौदा जमण्याची शक्यता जास्त.