बारावीनंतर मुलीला कॉलेजात घालताना

तोरणमाळ आणि आसपासच्या पाड्यांवरून, खाली शहाद्याकडून, धडगावकडून ऐकणाऱ्या सगळ्या ताई, माई, आत्या आणि मावश्यांनो, कामं हातात असतील तर असू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. फक्त घरात बारावीला बसलेली मुलगी असेल तर तिलाही हाक मारून जवळ बसवा.

आपण गटाच्या बैठकीत बचत बोलतो, हप्ता बोलतो, बियाणं आणि शेळ्या बोलतो. आज मुलीच्या कॉलेज प्रवेशाचं बोलायचं आहे. आमच्या पाड्यांवर मुली बारावी पास होतात आणि तिथंच थांबतात, असं आम्ही बघत आलो. विचारलं की घरचे म्हणतात, "मार्क होते, पण कागद नव्हते." आमच्या एका गटातल्या ताईची मुलगी आश्रमशाळेतून चांगली पास झाली. आईबाप गुजरातेत कामाला गेलेले. उत्पन्नाचा दाखला काढायला कोणी नाही, आधारला जोडलेला मोबाइल नंबर बापाजवळ, त्यामुळे ओटीपी येणार तिकडे. बाप परत आला तेव्हा प्रवेशाची तारीख निघून गेली होती. पुढच्या होळीला तिचं लग्न ठरलं. मुलगी नापास झाली असती तर एक वेळ समजलो असतो. ही पास झालेली मुलगी होती. म्हणून आम्ही ठरवलं, की हे काम एकट्या आईचं नाही, गटाचं आहे.

आधी विद्यापीठ कोणतं ते समजून घेऊ. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं जळगावच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. बहिणाबाई आपल्या खानदेशच्याच, असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणत आणि मुलगा सोपानदेव व घरचे ती उतरवून घेत. तेव्हा "आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला विद्यापीठाचं काय कळतं" असं कुणी म्हणू नका. प्रवेशासाठी मात्र जळगावला जावं लागत नाही. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या कॉलेजात प्रवेश घेतला तरी पदवी याच विद्यापीठाची मिळते.

आता पात्रता. बी.ए. करायचं असेल तर बारावी पास पाहिजे, शाखा कोणतीही चालते. बी.कॉम.लाही बारावी पास लागते. बी.एस्सी. करायची असेल तर बारावी विज्ञान शाखेतूनच पास पाहिजे. म्हणजे विज्ञानाची मुलगी कलेकडे जाऊ शकते, कलेची मुलगी विज्ञानाकडे जाऊ शकत नाही. दहावीनंतर शाखा घेतानाच हे ध्यानात ठेवायचं. नर्सिंग, शेतकी, इंजिनिअरिंग अशा अभ्यासक्रमांना वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिचे फॉर्म बारावीचा निकाल लागायच्या आधीच भरले जातात. त्यामुळे त्या वाटेला जायचं असेल तर निकालाची वाट बघत बसू नका.

अजून एक बदल कानावर घालतो. २०२४-२५ पासून कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. तीन वर्षांनी पदवी मिळते, पाहिजे तर चौथं वर्ष करता येतं. मधेच थांबावं लागलं, तर ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर एका वर्षाचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदविका मिळते. बाळंतपण, आजारपण, घरची अडचण यामुळे जिचं शिक्षण तुटतं, तिचं झालेलं वर्ष वाया जाऊ नये, यासाठी ही सोय आहे. हे गुण जमा राहण्यासाठी मुलीचा एबीसी किंवा अपार क्रमांक लागतो. तो आधारवरून निघतो.

आता कागदपत्रं. एकेक सांगतो, मुलीला वहीत लिहून घ्यायला सांगा.

दहावीची गुणपत्रिका. बारावीची गुणपत्रिका. शाळा सोडल्याचा दाखला. हा दाखला मूळचा कॉलेजात जमा करावा लागतो, म्हणून देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. आधार कार्ड. जातीचा दाखला, त्यावर प्रांत साहेबांची सही लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. रहिवासी दाखला, जो शिष्यवृत्तीला मागतात. रेशन कार्डाची झेरॉक्स. मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारला जोडलेलं. आणि पासपोर्ट आकाराचे फोटो.

तोरणमाळ मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून आहे. आपल्यातल्या काही मुली खेतिया-पानसेमलकडे नातेवाइकांकडे राहून शिकतात. त्यांची बारावी तिकडच्या मंडळाची असते. अशा मुलीला मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणावं लागतं. लोक त्याला मायग्रेशन म्हणतात. ते मागायला परत जावं लागतं, म्हणून गुणपत्रिका घेतानाच मागून घ्या.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेत पावरा, आधारवर पावरे. कुठं वसावे, कुठं वसावा. बापाचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर घरातलं हाकेचं. संगणकाला आपली ओळख नसते, त्याला अक्षरं जुळावी लागतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म इथंच अडकतो. म्हणून मुलगी अकरावीत असतानाच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते.

जातीचा दाखला आणि जात वैधता, हे दोन वेगळे कागद आहेत. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल जमातीच्या नोंदीखालीच पावरा, भिलाला, तडवी, वसावे ही नावं येतात. साध्या बी.ए.च्या प्रवेशाला सहसा जातीच्या दाखल्यावर काम होतं. पण नर्सिंग, शेतकी, इंजिनिअरिंग अशा ठिकाणी राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता लागतेच. आपल्या जमातींसाठी राज्यात ७ टक्के जागा राखीव आहेत, पण कागद नसला तर ती जागा आपल्या मुलीच्या हाती लागत नाही. वैधतेसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा पहिला मागतात. आज्याचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जमिनीचा जुना कागद, काहीही. "आमचा आजा शाळेतच गेला नाही" असं बरेच जण म्हणतात. तरी अर्ज सोडू नका. चुलता, आत्या, चुलत भाऊ, बापाकडच्या कुणाचीही वैधता निघालेली असेल तर तिची प्रत मोठ्या कामाची असते. अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच करायचा, कारण चौकशीला वेळ लागतो.

दाखल्यांसाठी आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करतो तेव्हा पोचपावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. पण हातात पावती नसेल तर अपील कशावर करणार?

आता पैशाचं. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्या आदिवासी मुलीला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. फॉर्म महाडीबीटीवर भरायचा आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं, असं नाही. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत आहे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. कुणी मागितलं तर भांडू नका, घाबरूही नका. "आम्ही शिष्यवृत्तीवाले आहोत, आदेश बघा" असं शांतपणे सांगा. किरकोळ शुल्क लागतं, तेवढं जवळ ठेवा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. गटात आपण बिनपावतीचा पैसा घेतो का? मग इथं का द्यायचा?

राहण्याची सोय. तोरणमाळहून सात पायरीचा घाट उतरून रोज शहाद्याला जाणं-येणं मुलीला झेपणारं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. आदिवासी विकास विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहं आहेत, त्यांचा अर्ज कॉलेजच्या प्रवेशाबरोबरच भरायचा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात जेवण, राहणं आणि वह्या-पुस्तकांसाठी मुलीच्या खात्यात पैसे येतात. अक्राणी तालुक्यासाठी या सगळ्याचं ऑफिस तळोद्याला आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. पैसे उशिरा येतात हे आपल्याला माहीत आहे. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करायची.

बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "बी.ए. करून काय होणार? शेवटी चूल आणि शेतच." आम्ही खोटी आशा दाखवत नाही. पदवी घेतली की नोकरी दारात येते, असं नाही. पण आज अंगणवाडी सेविका व्हायलाही बारावी लागते. तलाठी व्हायचं तर पदवी लागते. सेविकांवर देखरेख करणारी मुख्यसेविका पदवीधर असते. पदवी नसेल तर फॉर्मच भरता येत नाही. आणि दुसरं असं, की आपल्या पाड्यावर आपली बोली समजणारी तलाठीण आली, तर आपल्या म्हातारीला सातबारा मागायला दुसऱ्याला संगती न्यावं लागणार नाही.

ज्या बायकांचं शिक्षण मधेच सुटलं, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. बारावी दहा वर्षांपूर्वी झाली असेल तर मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. घर सोडून जाता येत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. अभ्यास घरी करायचा आणि अभ्यासकेंद्रावर ठरलेल्या दिवशी जायचं. बारावीच झाली नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. आणि जी मुलगी यंदा एखाद्या विषयात राहिली, तिच्यासाठी निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा असते. नापास म्हणजे लग्न, असा हिशोब करू नका.

आता गटांनी काय करायचं ते सांगतो. आमच्या गटांनी हे सुरू केलं आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत पाड्यावरच्या अकरावी-बारावीच्या मुलींची नावं वहीत लिहायची. प्रत्येकीच्या नावापुढं वर सांगितलेले कागद मांडायचे आणि जो आहे त्यावर खूण करायची. घरचे कामाला बाहेरगावी जाणार असतील तर जाण्याआधी दाखल्यांवर सह्या करून घ्यायच्या आणि मुलीच्या आधारला असा नंबर जोडायचा, जो घरीच राहील. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे, कारण आपल्या कौलातून पाणी येतं. निकाल मे महिन्यात लागतो, प्रवेश जून-जुलैत होतात, आणि तेव्हाच पेरणी असते, घाटात दरड पडते आणि नेटवर्क जातं. म्हणून कागदाचं काम महाशिवरात्रीच्या यात्रेआधी संपवायचं. गटातल्या दोघींनी मुलीबरोबर कॉलेजात जायचं. एकटी मुलगी खिडकीवरून परत फिरते, दोघी बाया सोबत असल्या की आतला माणूस नीट उत्तर देतो.

आणि एक ठराव. अंतर्गत कर्ज देताना लग्नाच्या खर्चाला आपण पटकन हो म्हणतो. मुलीच्या प्रवेशाच्या गाडीभाड्याला, फॉर्मला आणि पहिल्या महिन्याच्या जेवणाला त्याआधी हो म्हणायचं. रक्कम लहान असते आणि शिष्यवृत्ती आली की परतही येते. आमच्या गटांनी हा ठराव वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या. किती मुलींची नावं लिहिली, कोणाचा कोणता कागद अडला, ते आम्हाला कळवा. जे कागद पुष्कळ जणींचे अडले असतील, त्यांच्यासाठी आपण सगळे गट मिळून तहसीलला जाऊ.