ताओंगा : एका शब्दाचा न्याय



न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी १८४० साली ब्रिटिश राजसत्तेशी वायतांगी येथे तह केला. त्याच्या माओरी मसुद्यातील दुसऱ्या कलमाने त्यांच्या जमिनी, गावे आणि सर्व ‘ताओंगा’, म्हणजे मौल्यवान ठेवा, यांवरील त्यांचा अधिकार मान्य केला. तरीही १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आणली आणि पुढे मातृभाषा बोलणाऱ्या लेकरांना शिक्षा होऊ लागल्या.

१९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, या बालवाड्यांत वडीलधाऱ्यांनी मुलांच्या ओठी भाषा घातली. मग वायतांगी न्यायाधिकरणापुढे प्रश्न उभा राहिला : भाषा हा ताओंगा आहे काय? १९८६ च्या अहवालाने निःसंदिग्ध उत्तर दिले : आहे, आणि तिचे रक्षण करणे हे राज्यसत्तेचे कर्तव्य आहे. १९८७ च्या कायद्याने माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा व न्यायालयात तीत बोलण्याचा अधिकार मिळाला.

एकशे सेहेचाळीस वर्षे तो शब्द कागदावर होता. माओरींनी तो वाचला, मागितला आणि घरात बोलून जगविला. आपल्या नावे लिहिलेले प्रत्येक कलम आपणही असेच वाचावे.