जात्यातल्या ठिणग्या

उत्तर मुकुट तारकासमूहातला टी तारा १८६६ आणि १९४६ साली एकाएकी नुसत्या डोळ्यांना दिसू लागला, हे आकाश पाहणाऱ्यांना मी सांगायला नको. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या शांत वर्षांबद्दल.

तिथे तांबडा राक्षसी तारा आणि श्वेतबटू २२७ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात. राक्षसी ताऱ्याचा वायू चकतीतून फिरत फिरत बटूवर उतरतो. आजीचं जातं आठवा. घास कमी पडला, की दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात, पीठ मात्र चिमूटभर. घास भरपूर पडला, की जात्याभोवती पीठ साचतं आणि ठिणग्या थांबतात. पीठ म्हणजे दुर्बिणीतून दिसणारा प्रकाश. ठिणग्या म्हणजे कठोर क्ष-किरण. बटूलगतचा वायू विरळ असेल, तर तो कोट्यवधी अंश तापून असे क्ष-किरण सोडतो. दाट झाला, की तो थर निवतो आणि क्ष-किरण सौम्य होतात.

२०१५-१६च्या सुमारास अगदी हेच झालं. निळा प्रकाश वाढला आणि स्विफ्ट उपग्रहाला दिसणारे कठोर क्ष-किरण घटले. नुसतं पीठ पाहणारा म्हणाला असता, तारा जागा झाला. नुसत्या ठिणग्या पाहणारा म्हणाला असता, झोपला.

म्हणून सांगतो, एकाच प्रकाशावरून निकाल देऊ नका. क्ष-किरण वातावरणात अडतात, त्यांना उपग्रहच हवा. पण रोजचं पीठ मोजणं तुमच्या छोट्या दुर्बिणीला जमतं. आपली मुलं निरीक्षणाच्या वहीत ‘तारा छान दिसला’ एवढंच लिहितात. बाळांनो, तारीख-वेळ नसेल, तर ते पीठ कुठल्या ठिणग्यांशी जुळवायचं?

अशी जुळणी झाली की काय मिळतं, ते पाहा. भुजंगधारी तारकासमूहातला आरएस तारा २००६ साली उफाळला, तेव्हा स्विफ्टने क्ष-किरण टिपले आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने रेडिओ लहरी. म्हणजे पीठ, ठिणग्या आणि जात्याची घरघरसुद्धा!

तेव्हा शेवटचं, आणि पुन्हा तेच. वैशाख-ज्येष्ठाच्या रात्री उत्तर मुकुट डोक्यावर येतो. दुर्बीण लावा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून टीच्या तेजाची प्रत ठरवा, आणि तिच्यापुढे तारीख आणि वेळ लिहा. मिनिटासकट लिहा.