मुंबई ते प्लेझाँस



आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बायका. आम्हांला मुलांपुढे बोलायची सवय. मोठ्यांपुढे उभे राहिले की पाय लटपटतात. म्हणून वर्गातलीच गोष्ट सांगतो.

एकदा सहावीच्या वर्गात नकाशा लावला. मुंबई आणि आपला प्लेझाँसचा विमानतळ यांमध्ये दोरा ताणला. सरळ अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर, विमानाला साधारण सहा तास. मग मुलांना गणित घातले : मुंबईहून सकाळी सहाला निघालेले विमान इथे किती वाजता उतरेल? सगळ्यांनी बारा लिहिले. एकीनेच साडेदहा लिहिले. भारताचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे असते, हे तिला ठाऊक होते. आम्ही शाबासकी दिली. तर तीच म्हणते, "मिस, सहाच तास, तर मग आजे परत का नाही गेले?"

तेव्हा विमान नव्हते, एवढे सांगून भागले नाही. शिडाचे जहाज वाऱ्यावर चालायचे, कित्येक आठवडे पाण्यावर काढावे लागत. पोर्ट लुईला उतरून आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढल्या, की पुढे वर्षांचा करार आणि उसाचे मळे. काही लोक परत गेलेही. आपले राहिले.

त्या प्रश्नाने आम्हांला गप्प बसू दिले नाही. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघीजणी कोकणात गेलो. मुंबईपर्यंत सहा तास. तिथून रत्नागिरीला बसने नऊ! समुद्रापेक्षा घाटच लांब निघाला. आमच्यातल्या एकीजवळ पणजोबांचा कागद होता, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदींवरून मिळालेला. त्यावर नंबर, जहाज, वय आणि गाव. पण गावाचे नाव कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले. त्या उच्चाराची तीन गावे निघाली.

तिन्ही गावांत विचारले, "तुम्ही कुणाच्यातल्या?" आता काय सांगणार? आपल्याकडे पणजोबांचे पहिले नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले आहे. नंबर तोंडपाठ होता, आडनाव नव्हते. तिसऱ्या गावात एका म्हातारीने गूळ-पाणी दिले आणि म्हणाली, "बाय, हयसून लय जण गेले. कोण खंयचो, आता कोण सांगतलो?"

परत आल्यावर त्या मुलीने नकाशावर तीन टिंबे काढून घेतली. दोरा कुठल्या टिंबाला बांधायचा, असे रोज विचारते. तूर्त तो मुंबईलाच आहे.

ज्यांच्या घरी असा जुना कागद असेल, त्यांनी जेवणानंतर आम्हांला दाखवावा. आम्ही मागच्या बाकावर बसलो आहोत. गावाचे नाव मिळून मोठ्याने वाचून बघू.