जपानी लग्नात पाहुण्याचं काम

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जपानला गेलेला मराठी माणूस तिथे दोन-चार वर्षं रमला, की कधी ना कधी त्याच्या हाती एक जाडसर, सुबक पत्रिका पडते. सहकाऱ्याचं किंवा वर्गमित्राचं लग्न असतं. बोलावणं आल्याचा आनंद होतोच, आणि पाठोपाठ मनात येतं की आता खरंखुरं पारंपरिक लग्न बघायला मिळणार, फोटो काढायला मिळणार. मला आज एवढंच मांडायचं आहे, की त्या लग्नातली परंपरा शोधायची असेल तर नवरा-नवरीच्या पोशाखाआधी पाहुण्याला नेमून दिलेल्या कामाकडे बघावं. परदेशी माणसाला आत शिरायचं दार तिथेच आहे.

जपानी लग्न म्हटलं की शिंतो देवळातलं दृश्य डोळ्यांपुढे येतं. पांढऱ्याशुभ्र किमोनोतली नवरी, पुढे चालणारा पुरोहित, आणि लहान-मोठ्या तीन पेल्यांतून तीन-तीन घोट साके घेणारं जोडपं. हे सगळं देखणं आहे, पण देवळात लग्न लावण्याची ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. १९०० साली युवराज योशिहितो, म्हणजे पुढचे तायशो सम्राट, यांचा विवाह राजवाड्यातल्या देवस्थानापुढे झाला. त्याच धर्तीवर तोक्योतल्या हिबिया दायजिंगू देवळानं सामान्य लोकांसाठी विधी बसवला, आणि मग तो देशभर पसरला. त्याआधी लग्न बहुधा घरातच लागायचं. मध्यस्थ, दोन्हीकडचे नातलग आणि साकेचे पेले एवढ्यावर भागायचं. आजही देवळातल्या विधीला सहसा नातलगच बसतात. ऑफिसातल्या माणसाला आमंत्रण असतं ते नंतरच्या मेजवानीचं, हिरोएनचं. शिवाय जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का असले, तरी चॅपलमध्ये पांढरा गाऊन घालून लग्न करणारी जोडपी कितीतरी आहेत. तेव्हा परंपरा फक्त किमोनोत शोधणाऱ्याच्या पदरी बरेचदा निराशाच येईल.

पण लग्न देवळात असो, चॅपलमध्ये असो की हॉटेलात, पाहुण्याच्या हातातलं पाकीट सहसा चुकत नाही. गोशूगी, म्हणजे लग्नाचा रोख आहेर, ज्यात घालून देतात ते पाकीट निरखून बघण्यासारखं असतं. जाड पांढऱ्या कागदाच्या घडीभोवती कागद पिळून केलेल्या लाल-पांढऱ्या किंवा सोनेरी-चंदेरी दोऱ्या असतात. त्यांना निरगाठच हवी. फुलपाखरासारखी सुरगाठ मूल झाल्याच्या पाकिटाला चालते, कारण तो आनंद पुन्हा यावा. लग्न पुन्हा येऊ नये. वर उजव्या कोपऱ्यात एक इवलीशी कागदी घडी आणि तिच्यात पिवळी पट्टी असते. पूर्वी तिथे समुद्रातल्या एका शिंपल्याचं मांस लांब ताणून, वाळवून लावत. पाकिटाच्या मागे खालची घडी वरच्या घडीवर यायला हवी. उलट झाली तर ते शोकाचं पाकीट झालं. नाव दाट काळ्या शाईत लिहायचं, कारण फिकी शाई अंत्यविधीची. मित्र किंवा सहकारी साधारण ३०,००० येन देतो, म्हणजे आपले पंधरा-वीस हजार रुपये. रकमेची सरळ दोन वाटण्या होऊ नयेत म्हणून सुरुवातीचा आकडा विषम. एकशे एक आणि पाचशे एकाचा आहेर करणाऱ्या, पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

नोटांचं तर अधिक विचार करण्यासारखं आहे. लग्नाला कोऱ्या करकरीत नोटा द्यायच्या आणि अंत्यविधीला कोऱ्या नोटा टाळायच्या. लग्नाची कोरी नोट सांगते की पाहुणा हा दिवस मनात धरून आधीच बँकेत जाऊन आला होता. मृत्यूच्या बाबतीत अशी तयारी कोणी केलेली नसावी. हे नुसतं बघून कळणार नाही. बँकेच्या रांगेत उभं राहिलेल्याला मात्र कळतं. पत्रिकेसोबत येणाऱ्या उत्तराच्या कार्डाचंही तसंच. त्यावर पाहुण्याच्या ‘येणे’ आणि ‘नाव’ या शब्दांआधी आदराचं अक्षर छापलेलं असतं, आणि पाहुण्यानं ते स्वतःच्या हातानं दोन रेघा मारून खोडायचं असतं: यजमानानं मान दिला, पाहुण्यानं तो नम्रपणे उतरवला. हिरोएनमध्ये गेल्यावर दिसतं की नवरा-नवरीजवळच्या मानाच्या टेबलांवर वरिष्ठ आणि सहकारी आहेत, आणि आईवडील सगळ्यात मागे, दाराजवळ. यजमान म्हणून त्यांची जागा तीच. परदेशी सहकाऱ्याला पुढची खुर्ची मिळते ती या हिशोबानं. ती निव्वळ सोय समजून बसणाऱ्याच्या हातून तिचा अर्थ निसटतो.

यावर कोणी म्हणेल, परदेशी माणसाला हे सगळं माफ असतं. खरं आहे. चुकीची गाठ बांधलेलं पाकीटही दारातल्या टेबलामागे बसलेली मुलगी दोन्ही हातांनी, हसून घेईल, आणि नंतर त्याची वाच्यताही होणार नाही. पण माफी ही बाहेरच्याला मिळते. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याला आपल्यात धरलेलंही नसतं. आपल्याकडे एखादा परदेशी मांडवात नुसता व्हिडिओ घेत उभा असतो, आणि दुसरा मुठीत अक्षता धरून मंगलाष्टकांच्या शेवटाकडे कान लावून असतो. लग्नाला आलेला कोण, हे मांडवातल्या आजीलाही कळतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: देवळातला विधी जर १९०० नंतरचा, आणि मेजवानी हॉटेलांच्या धंद्याची, तर या परंपरेपुढे वाकायचं कशाला? माझ्या मते हा आक्षेप उलट माझ्याच बाजूनं बोलतो. विधीची जागा घरातून देवळात, देवळातून चॅपलमध्ये गेली; देणं, नोंदवणं आणि परत करणं मात्र थांबलं नाही. दारातल्या टेबलावर पाहुण्याचं नाव वहीत लिहिलं जातं, आणि निघताना त्याच्या हाती परतभेटीची पिशवी येते. आपल्या गावांतल्या आहेराच्या वह्या ज्यांनी जपल्या, त्यांना हा व्यवहार नात्याचा आहे हे वेगळं पटवावं लागणार नाही.

पैशांचा आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे. शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला ३०,००० येन ही फार मोठी रक्कम आहे, आणि तरुण जपानी लोकांनाही एका मोसमात तीन-चार लग्नं आली की ती जड जाते. तिथल्या समाजानं यावर वाटाही काढल्या आहेत. होक्काइदो बेटावर आहेराऐवजी सगळ्यांनी सारखी, आधी ठरवून दिलेली फी भरायची रीत आहे, आणि ती बरीच कमी असते. इतरत्र ज्याला झेपत नाही त्यानं नकार द्यावा. त्यात कमीपणा नाही. ‘सहकुटुंब सहपरिवार’ वाचायची सवय असलेल्या आपल्याला ही ठरावीक माणसांचीच पंगत कोरडी वाटते, पण तिथे ‘येत नाही’ हे उत्तरही मानाचं असतं. कार्ड मुदतीत टाकावं, त्यावर अभिनंदनाच्या दोन ओळी हातानं लिहाव्यात, आणि जमलं तर एखादी छोटी भेट लग्नाआधी घरी पोचती करावी. ‘येतो’ कळवून ऐनवेळी गैरहजर राहणं किंवा न कळवता बायकामुलांना सोबत नेणं, या दोन गोष्टी मात्र यजमानाला फार अडचणीत टाकतात, कारण प्रत्येक खुर्चीपुढची नावाची चिठ्ठी, तिथलं ताट आणि परतभेटीची पिशवी आधीच मोजून ठेवलेली असते.