कर्दळीचा कंद देण्याआधी पान बघा
(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण, त्यांच्याच शब्दांत)



आज मी बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय कर्दळीबद्दल. आणि सुरुवातीलाच माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्यापैकी काहींच्या परसापर्यंत पोचली आहे.

मागच्या वर्षी आपण परसबागेचा विषय घेतला होता. मोरीचं पाणी वाटेवर येतं, चिखल होतो, डास होतात, आणि त्यावरून शेजारणींचं बोलणं बंद होतं, हे तुम्हीच बैठकीत मांडलं होतं. तेव्हा ठरलं की मोरीच्या पाण्यावर कर्दळ लावायची. ठरलं ते बरोबरच होतं. कर्दळीला भरपूर पाणी लागतं आणि ओल तिला मानवते. आपल्या आज्या मोरीमागे कर्दळ, केळ, अळू उगाच लावत नव्हत्या.

चुकलं ते पुढे. मे महिन्यात मला एके ठिकाणी दोन पोती कंद फुकट मिळाले. वरचा पाला कापलेला होता, नुसते गड्डे होते. मी खुशीने आणले आणि बारा घरी वाटले. पावसात पानं फुटली, तर नव्या पानांवर शिरांच्या मधे पिवळ्या रेघा. मला वाटलं खत कमी पडलं. म्हटलं, शेणखत घाला. पुढचं पानही तसंच आलं. मग पानं करपून फाटायला लागली, झाड वाढेना. तो विषाणूचा रोग होता.

या रोगावर औषध नाही. तो कंदातच असतो, म्हणून कंदाबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पाला कापलेला असला की तो दिसत नाही. मी गड्डे मोजले, पान बघितलंच नाही.

एका मावशींच्या हे पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं. पण त्या गप्प राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "मॅडमनी दिलेलं, त्याला नाव कसं ठेवायचं?" तोवर त्यांच्याकडचे कंद त्यांच्या बहिणीकडेही गेले होते. मावश्यांनो, हे मला फार लागलं. मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे. माझं चुकलं तर तोंडावर सांगा.

आता मृग तोंडावर आलाय. कंदांची देवाणघेवाण सुरू होईल. म्हणून नीट ऐका.

मोरीच्या पाण्यावरची कर्दळ उन्हाळ्यातही हिरवी असते. म्हणजे पान आत्ताच बघता येतं. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडली असतील, तर घाबरू नका. ती वयाने पिवळी पडतात किंवा झाडाला खत हवं असतं. पण कोवळ्या पानावर तुटक पिवळ्या रेघा किंवा ठिपके असतील आणि खत घालूनही पुढचं पान तसंच येत असेल, तर त्या झाडाचा कंद कुणाला देऊ नका. गड्ड्यासकट उपटा, वाळवा आणि जाळा. उकिरड्यावर टाकू नका, तिथे तो पुन्हा फुटतो. शोभेच्या काही जातींच्या पानांवर मुळातच पिवळे पट्टे असतात, पण ते सगळ्या पानांवर सारखे, आखल्यासारखे असतात. एवढा फरक ध्यानात ठेवा.

निरोगी झाडाला आजच रंगीत चिंधी बांधा. पाऊस पडला की कंद त्याच झाडाचा काढायचा. एक गड्डा कापून झाला की विळा साबणाने धुवायचा, मगच दुसऱ्याला लावायचा. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, कारण असे काही रोग मावाही पसरवतो. पान गुंडाळून आत अळी बसली असेल तर ते पान तोडून अळी मारून टाका. त्यासाठी फवारणीचा खर्च नको.

आता लावणीचं. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. डोळा वर ठेवून चार बोटं खोल लावा. दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा, खड्ड्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत घाला. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघा, सावलीत पानंच वाढतात आणि फुलं कमी येतात. एका दांड्याची फुलं संपली की तो दांडा जमिनीलगत कापा, बाजूचे नवे कोंब जोर धरतात. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाटतो, तेव्हा खणून वेगळा करा.

मोरीचं पाणी सोडताना ते मुरलं पाहिजे, साचता कामा नये. पाणी तुंबत असेल तर आधी शोषखड्डा करा आणि कर्दळ त्याच्या कडेने लावा. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी चालतं. संडासचं पाणी आणि फिनेल, ॲसिड त्यात सोडू नका. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर तिथे हे करूच नका.

यातून पैसे किती मिळतील, असं काहीजणी विचारतात. खरं सांगते, फारसे नाही. कर्दळीचं फूल तोडलं की लगेच मलूल होतं, बाजारापर्यंत टिकत नाही. कोरडी वाट, डास कमी, आणि शेजारणीशी पुन्हा सुरू झालेलं बोलणं, हीच तिची कमाई समजा.

कर्ज देताना आपण सगळ्याजणी बसून विचारतो, पैसे कशाला हवेत, फेडणार कसे? त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तसंच कंद घेताना विचारायचं, "आधी झाड दाखव." मग तो कंद जावेने दिलेला असो, अध्यक्षांनी दिलेला असो, नाहीतर मी.

त्या बारा घरांत मी या महिन्यात पुन्हा येणार आहे. आजारी झाडं आपण मिळून उपटू. या वेळी नवे कंद आणीन ते चिंधी बांधलेल्या झाडाचे, आणि ते झाड बघायला तुमच्यातल्या दोघी माझ्यासोबत येतील. कोण येणार, ते आत्ताच हात वर करून सांगा.